आसनाचं माप

प्रिय चिंधी,

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. तू आता अडतीस वर्षांची बाई, लोक तुला मॅडम म्हणतात, आणि बाप अजून चिंधी म्हणतो. पण काय करू, पत्र लिहायला बसलो की तीच पोर डोळ्यांपुढे येते. दुकानात कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग असायचा, त्यात तू दुपारची झोपायचीस, आणि आईनं हाक मारली की केसांत दोरे, गालावर खडूचा डाग अशा अवतारात बाहेर यायचीस. एकदा तर गिऱ्हाइकाच्या कोटाची सुटी बाही पांघरून झोपली होतीस. गिऱ्हाईक ट्रायलला येऊन उभं, आणि मी दुसरी बाही शोधत दुकानभर फिरतोय!

पत्र पाहून घाबरू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत, तुझी आई तर माझ्यापेक्षा जरा जास्तच. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. ‘बरी आहेस ना?’ ‘बरी आहे. तुम्ही?’ ‘बरा आहे. आईला देतो.’ नऊ वर्षं झाली, आपण दोघं एवढ्या तीन टाक्यांवर चाललो आहोत. वर्षातून दोनदा येतेस, हसतेस, माझ्यासाठी चष्म्याची दोरी नाही तर चांगली कातर आणतेस, आणि अंगात तयार कपडे घालून येतेस. त्या तयार कपड्यांबद्दल मी कधी बोललो नाही. पण शिंप्याच्या पोरीच्या खांद्यावर कारखान्यातली शिवण, तीही अर्धा इंच उतरलेली, हे मला दारातूनच दिसतं बरं का. आपल्यात एक गोष्ट अडकून राहिली आहे, शिवणीत मोडलेलं सुईचं टोक राहावं तशी. दिसत नाही, पण अंगाला लागत राहतं. ते काढायलाच मी आज बसलोय. मात्र मला माझ्या चालीनं येऊ दे. आधी बातमी सांगतो.

बातमी अशी की मी योगाच्या वर्गाला जातो.

हस. पोटभर हस. तू योग शिकवणार म्हणालीस तेव्हा ज्या माणसानं भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, ‘लोकांना जमिनीवर लोळायला शिकवून कुणाचं भलं झालंय?’ असं तुला विचारलं होतं, तोच आता आठवड्यातून तीनदा चटई काखेत मारून जमिनीवर लोळायला जातो. तुझी आई शेजारणीला सांगते, ‘हे लोळायला गेलेत, आता येतीलच.’

सुरुवात अंगुस्तानानं झाली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती पितळी टोपी, तू बाहुलीला हंडा म्हणून द्यायचीस तीच. मागच्या थंडीत ती मशीनच्या पायाशी पडली. मी वाकलो, आणि अर्ध्या वाटेवर कंबरेनं मला धरून ठेवलं. ना वर, ना खाली. शेवटी लाकडी पट्टीनं ढकलत ढकलत ती भिंतीपर्यंत नेली आणि आता पुढं काय, म्हणून तिच्याकडे बघत उभा राहिलो. तुझी आई दारात उभी राहून सगळा तमाशा बघत होती. म्हणाली, ‘अहो, चाळीस वर्षं लोकांना ताठ उभे राहा, ताठ उभे राहा म्हणालात. शेवटी तुमच्याच कंबरेनं ऐकलं.’ आणि वाकून अंगुस्तान उचलून माझ्या हातात ठेवलं. बोलणं मला लागलं नाही गं, त्याची सवय आहे. ती ज्या सहजपणे वाकली ना, ते लागलं.

डॉक्टर म्हणाले, हाडं शाबूत आहेत, नुसता गंज चढलाय, योगाचा एखादा वर्ग लावा. घरी येताना पहिला विचार तुझाच आला. फोन हातातसुद्धा घेतला होता. पण कुठल्या तोंडानं विचारणार? मग आपला आपणच निघालो. मला शिंपीकाम तरी कुणी शिकवलं होतं? जुने कोट आणायचे, एकेक शिवण उसवायची, आत काय आहे बघायचं आणि पुन्हा शिवायचं. उसवून उसवून शिकलो. म्हटलं, योगाचंही तसंच होईल.

पहिला वर्ग काचेच्या मोठ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. शिकवणाऱ्या बाईंच्या गालाला छोटा माइक चिकटवलेला, आणि गाणी अशी की छातीत दणदण व्हावं. मी मनातल्या मनात त्यांचं नाव वावटळ ठेवलं. एक आसन झालं न झालं तोवर दुसरं. सगळे उठायचे तेव्हा मी बसत असायचो, आणि मी बसलो की सगळे आडवे. वीस वर्षांची पोरं लाटेसारखी वरखाली होत होती आणि मी मध्येच रुतलेल्या खुंटासारखा. पण खरं सांगतो, बघायला फार सुंदर होतं. त्या पोरांना तो वर्ग अगदी अंगाबरोबर बसलेला होता. मलाच तो तीन नंबर लहान होता.

दुसऱ्या वर्गात खोली तापवतात. मुद्दाम! म्हणे घाम आला की अंग मऊ होतं. अगं, वाफ देऊन मऊ करायचं काम मी जन्मभर कापडावर केलं, आता मलाच इस्त्रीखाली घालतात की काय! दहा मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे. बाहेर पायरीवर जाऊन बसलो तर तिथं आणखी एक आजोबा आधीच वारा घेत बसलेले. आम्ही दोघांनी तिथंच ठरवलं की आपण दोघं लोकरी कापड आहोत, गरम पाण्यात घातलं की आटणार. तिथून परस्पर घरी.

तिसरा वर्ग मात्र मला आवडला. आवडला म्हणजे पहिले पंधरा दिवस. शिकवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, हातात वेताची छडी, गुडघ्याची रेघ वाकडी दिसली की छडीनं टकटक करायचे. सगळा कारभार काटकोनात. मी घरी येऊन तुझ्या आईला म्हटलं, याला म्हणतात माणूस, सूत धरून काम करतो. त्यांना मी फौजदार म्हणायचो, पण कौतुकानं. एके दिवशी मी पाय लांब करून पुढं वाकत होतो, हात नडगीपर्यंत पोचले होते, माझ्या मते तेच फार होतं. फौजदारांनी पाठीवर तळहात ठेवला आणि दाबलं. ‘अजून. अजून. होतंय, उगाच लाड करू नका.’ कंबरेत काहीतरी कट्कन सरकलं. आठ दिवस पलंगावर.

त्या आठ दिवसांत छताकडे बघत पडलो होतो, तेव्हा तो आवाज मला ओळखीचा वाटायला लागला. ‘उगाच लाड करू नका.’ तू बारा-तेरा वर्षांची असताना काजं करायला बसवायचो तुला. एक काज तिरकं झालं की मी न बोलता पूर्ण ओळ उसवायचो. तू रडायचीस, आणि तुझी आई म्हणायची, पोर आहे ती, आणि मी म्हणायचो, होतंय तिला, उगाच लाड नकोत. फौजदार वाईट माणूस नव्हे. त्यांच्या वर्गात ताठ कण्याची, वळण लागलेली माणसं आहेत, त्यांना तसाच हात हवा असतो. पण तो हात माझ्या पाठीवर पडला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की खालून तो कसा लागतो.

त्यानंतर मी नाद सोडलाच होता. तुझ्या आईनं सोडू दिला नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथं जुनी वर्तमानपत्रं बांधून ठेवतात, तिथं सकाळी एक वर्ग भरतो असं तिला कळलं. म्हणाली, ‘एवढे कपडे ट्रायलला घालून बघता, एक शेवटचा बघा. नाही बसला तर परत करू.’ गेलो. पाच-सहा माणसं, भिंतीला लागून खुर्च्या, आणि शिकवणाऱ्या बाई दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांनी मला काय येतं हे विचारलं नाही. दारातून चटईपर्यंत चालत येताना नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, ‘उजवा खांदा खाली आहे. हाताचं काम करता. जड काहीतरी धरून.’ मी म्हटलं, कातर. त्या म्हणाल्या, ‘मग आपण डाव्या बाजूनं सुरू करू.’ चिंधी, मी चाळीस वर्षं माणूस दारातून आत येताना त्याचं माप नजरेनं घेत आलो. माझं माप असं कुणी घेतलं नव्हतं.

माझ्या शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर असतात. त्यांची मान उजवीकडे झकास वळते, डावीकडे नाही. आरशात बघून बघून. सिस्टर म्हणतात, डावीकडे बघा, तर ते सगळं धड फिरवतात आणि म्हणतात, ‘गाडी मोठी आहे, वळायला वेळ लागतो.’ सिस्टरांचं एकच पालुपद आहे. जिथपर्यंत पोचता त्याच्या बोटभर अलीकडे थांबा. थोडं शिल्लक ठेवा, म्हणजे श्वासाला जागा राहते. पहिल्या दिवशी मला हे आळशीपणाचं वाटलं. मग एकदा पडल्या पडल्या डोक्यात उजेड पडला. अरे, ही तर माया! शिवणीच्या आत जे जादा कापड आपण सोडतो, पुढं माणूस जाडला, वाढला, तर उसवून सैल करता यावं म्हणून, तीच ही. मी सिस्टरांना म्हटलं, आमच्यात याला माया म्हणतात. त्या म्हणाल्या, आमच्यात पण.

आता ऐक. मी तिथं माझीच पँट घालून जायचो, माझ्या हातची, इस्त्रीची घडी न मोडलेली. त्या इलॅस्टिकच्या ढगळ पँटी मला पसंत नाहीत. इलॅस्टिक म्हणजे माप घ्यायचा कंटाळा. तिसऱ्या आठवड्यात सिस्टरांनी सांगितलं, खाली बसा, तळवे एकमेकांना लावा आणि गुडघे हलकेच बाजूला सोडा. मी सोडले. आणि चर्रकन् आवाज झाला. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता, आणि त्यात माझी पँट पुढून मागंपर्यंत उसवलेली. बस ड्रायव्हर डोळे मिटूनच म्हणाले, ‘मास्तर, टायर फुटला.’ सगळे हसले. सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसल्या. मीही हसलो. आणि हसता हसता थांबलो. कारण तो आवाज मी आधी एकदा ऐकला होता.

तुलाही आठवतो तो. नऊ वर्षांपूर्वी, तुझा पहिला वर्ग. शाळेचा तो हॉल, पंचवीस-तीस माणसं चटया घालून बसलेली, आणि तू पुढं, मी शिवलेल्या पांढऱ्या सदऱ्यात आणि पँटीत. त्याआधी आपलं दुकानात ते भांडण झालेलं, लोळायचं बोलून झालेलं, तरी तू दोन दिवसांनी आलीस आणि म्हणालीस, ‘बाबा, शिवून द्याल का? पहिल्या दिवशी तुमच्या हातचं घालायचंय.’ मी टेप काढली. आणि त्या दिवशी, तू सगळ्यांसमोर खाली बसून पाय फाकवून पुढं वाकलीस आणि चर्र झालं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. तू चादर कंबरेला गुंडाळलीस आणि तास पुरा केलास, आवाज एकदाही न हलता. मी दाराशी उभा होतो. बाहेर आल्यावर तू एवढंच विचारलंस, ‘बाबा, मुद्दाम केलंत?’

मी टोपी सारखी केली आणि घराकडे चालायला लागलो.

पोरी, मी ते मुद्दाम केलं नव्हतं. उलट सांगू? तेवढ्या मनापासून मी नवरदेवाचा कोटसुद्धा शिवला नव्हता. आतून उलटं करून घातलं तरी देखणं दिसावं म्हणून शिवणीतली सगळी माया कापून बारीक केली होती. रेघेत रेघ. तुला ती पँट घालून आरशासमोर उभी केली तेव्हा तू सरळ झाडासारखी दिसत होतीस. उभी. तिथंच सगळं चुकलं. माझ्या दुकानात येणारा माणूस उभा राहायचा, चालायचा, फार तर खुर्चीत बसायचा. माणूस असाही वाकतो, असाही उघडतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तू काय करतेस ते मी कधी बघायलाच आलो नव्हतो ना.

मग तेव्हाच का नाही बोललो? कारण ‘मुद्दाम नाही’ म्हटलं असतं, तर पुढचं वाक्य ‘माप चुकलं’ हेच होतं. आणि मास्तरांचं माप चुकलं, हे वाक्य त्या गावात कुणी उच्चारलं नव्हतं. मला दुष्ट बाप म्हणवून घेणं सोपं वाटलं, चुकलेला शिंपी म्हणवून घेण्यापेक्षा. तू पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी गेलीस, आणि मी नऊ वर्षं मनातल्या मनात म्हणत राहिलो, तिला कळेल कधीतरी. कसं कळणार होतं?

पँट फाटली त्या दिवशी घरी येऊन मी ती पूर्ण उसवली. एकेक तुकडा टेबलावर पसरला. दोन पायांच्या मधला, कंबरेपासून बैठकीपर्यंतचा जो भाग, त्याला आम्ही शिंपी काय म्हणतो ते तुला लहानपणापासून माहीत आहे. आसन. तुझ्या धंद्यातही आसन, माझ्या धंद्यातही आसन, आणि दोघांनी हा शब्द एकाच घरात इतकी वर्षं वापरला, पण एकमेकांना कधी विचारलं नाही. खरं तर आसनाचं माप माणसाला बसवून घ्यायचं असतं. माझ्या जुन्या वहीत पहिल्याच पानावर ते लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. पुढं हात बसला, नजर तयार झाली, आणि मी ते उभ्यानंच घेत गेलो. तुझंही उभ्यानंच घेतलं.

मग मी जमिनीवर मांडी घालून बसलो आणि तुझ्या आईला म्हटलं, माप घे. तिनं टेप सेंटिमीटरच्या बाजूनं धरली, ‘शहात्तर आलं, फार सुटलात हो!’ म्हणून ओरडली, मग इंचांची बाजू वर केली. तीन इंचांचा फरक. मी तीन इंच कमी धरत आलो होतो. नवीन पँट कापली, दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा जोडला, माया भरपूर सोडली. दिसायला, खरं सांगतो, पोतं आहे. पण त्यात मी खाली बसतो आणि हात न टेकता उठतो. परवा अंगुस्तान पडलं. पडलं म्हणजे, मीच पाडलं. तुझ्या आईच्या देखत वाकून उचललं आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, ‘आता रोज पाडत बसू नका.’ बस ड्रायव्हरांनी तसलीच पँट शिवून घेतली. सिस्टरांच्या वर्गात आता चौघं माझी पोती घालून बसतात.

तर आता पत्र का लिहिलं ते. तुझ्या स्वतःच्या जागेत वर्ग सुरू होतोय त्याचं कार्ड आलं. छापलेलं सगळं वाचलं, आणि मागं तुझ्या अक्षरात होतं, ‘आई, नक्की ये. बाबांनाही आण, त्यांना जमलं तर.’ ते ‘जमलं तर’ मी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय. चिंधी, मला जमतं. पण पाहुण्यांच्या खुर्चीत बसायला मी येणार नाही. मला चटईवर जागा हवी आहे, मागच्या ओळीत, भिंतीजवळ. चार वर्ग फिरून मला माझ्या मापाचा मिळाला आहे, सिस्टरांचा, तो मी सोडणार नाही. पण आयुष्यात ज्या पहिल्या वर्गाला जायला हवं होतं, तो तुझा होता, आणि मी दाराशी उभा राहिलो. सोबतच्या पार्सलमध्ये पांढरं सुती कापड आहे, धुऊन आटवून घेतलेलं. शिवलेलं नाही, कापलेलंही नाही. घडीत खडू ठेवला आहे. मी येताना टेप आणीन. नको म्हणालीस तर त्याचे पडदे कर, कापड चांगलं आहे, रागावणार नाही. पण हो म्हणालीस, तर वर्ग संपल्यावर, सगळे गेले की, मी तुझं माप घेईन. या वेळी ताठ उभं राहायला सांगणार नाही. तू आपली बस, हवी तशी बस. मी शेजारी बसून घेईन माप. आता मला खाली बसता येतं.

तुझाच,
बाबा